अंगणातली बिनकराची मोटार

होटगीहून सोलापूरला पायी येताना निम्म्या वाटेत फुलाबाईला असं हसू फुटलं, की ती मैलाच्या दगडावरच टेकली. घरमालकीण ती, बिनकराची मोटार अंगणातून काढ म्हणून भाडेकरू जोतीरामच्या सहा महिने मागं लागलेली. तो म्हणायचा, रस्त्यावर नेली तर पोलीस धरतील. काल मात्र तो म्हणाला, सोमवारी कर भरून नेतो. फुलाबाईनं आनंदानं मोटारीत डोकावलं, तर गादीवर तिचीच कोंबडी अकरा अंडी घेऊन खुडूक बसलेली.

"देव सिद्धरामानंच बसवली असंल तिला," सोबतच्या मास्तरीणबाईंना ती म्हणाली. "मोटार हलवली तर कोंबडी उठंल की. मी कुठल्या तोंडानं बोलू? बाई, तुमीच सांगा जोतीरामाला, पिल्लं निघंपतोर कर भरू नगं म्हणावं."