टम्म बाळंतीण

आता माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगायला नको!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बी.कॉम., घरात अंडंसुद्धा वर्ज्य, आणि नोकरी कुठे? मत्स्यबीज केंद्रात! पावणे गावात कारखाना असलेल्या आमच्या शेठनी ते करावे गावाजवळ काढलं होतं. मी तिथला स्टोअरकीपर, तात्पुरता. एका मुलीकडून निरोप आला होता, 'नोकरी कायम झाली की बघायला या.' सगळं घोडं त्या 'कायम'पाशी अडलेलं, हे शेठनाही ठाऊक होतं!

शेठचे पाहुणे केंद्र बघायला येणार, आणि नेमके आदल्या दिवशी आमचे माशांचे डॉक्टर मलेरियानं आडवे! त्यांनी चिठ्ठी पाठवली: 'रोहूची एक मादी, दोन नर घ्या. ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन द्या. मादीला भरपूर, नरांना थेंबभर. सकाळी अंडी मिळतील.'

मादी कुठली? त्यात काय एवढं! जिचं पोट मोठं, ती मादी. एक चांगली टम्म होती. बाकीचे दोघे नर. पण एकाला भरपूर आणि दुसऱ्याला थेंबभर? असला पंक्तिप्रपंच मला जमत नाही बुवा. तिघांनाही सारखंच भरपूर टोचलं आणि कापडी हौदात सोडलं.

सकाळी बघतो तर अंडीच अंडी! मी हवेत.

शेठ पाहुण्यांना घेऊन आले. मी ऐटीत त्या टम्म बाईंना उचललं. "ही आई!" हाताचा जरा दाब पडला, तर पोटाखालून पांढरं काहीतरी आलं.

"हे काय?" पाहुणे.

"दूध, साहेब. बाळंतीण आहे ना!"

तलावावर कामाला येणारी करावेची हिराबाई पदरात तोंड घालून हसायला लागली. "अरं देवा! भाऊ, ह्यो बाप्या हाय! पेंड खाऊन फुगलाय नुस्ता. अंडी या बारकीनं घातली." तिनं लहान मासा उचलून दाबला, तशी उरलीसुरली अंडी बाहेर आली.

शेठ माझ्याकडे वळले. "हिला तू नर समजलास? मग इंजेक्शन?"

"सगळ्यांना सारखंच दिलं, शेठ."

"म्हणजे तू चिठ्ठीप्रमाणे वागला असतास, तर आज एक अंडं दिसलं नसतं!"

संपलं, म्हटलं. गेली नोकरी, गेली मुलगी! पण शेठ हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"जा, केलं तुला कायम. पण मुलगी बघायला जाशील तेव्हा हिराबाईला बरोबर ने!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? नेलं मी तिला!