दादाची सहाची फाइल

भानामती, अंगात येणं... असलं कुणी काही सांगायला लागलं की तोंडावर हसणारी बाई मी. सोनपेठला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मशीनने काय केलं ते मशीन स्वतःच लॉगमध्ये लिहून ठेवतं, माझा भरवसा फक्त त्यावर. म्हणून तर हे सांगायला एवढे दिवस लागले.

माझा थोरला भाऊ पुण्याला नोकरीला. आईला मोतीबिंदू, फोन काही जमत नाही. मग दादाने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक सोय करून दिली. तो रोज दोन मिनिटं बोलून रेकॉर्डिंग भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचा. सकाळी सहाला आमच्याकडचं डाउनलोड टूल — काळ्या स्क्रीनवर कमांडने चालणारं, साधंच — ती फाइल आणायचं आणि स्पीकर आपोआप वाजायचा. "आई, गोळी घेतलीस का?" इथूनच सुरुवात. नवीन आणण्याआधी कालची फाइल पुसली जायची. दादा म्हणायचा, "आईला शिळं कशाला वाढायचं?"

मागच्या वर्षी दादा गेला. हार्ट अटॅक... बेचाळीस वर्षांचा होता हो.

फाइल येतच राहिली. मला वाटलं, शेवटची सर्व्हरवर राहिली असेल, तीच रोज येतेय. माझ्याच्याने तो आवाज ऐकवेना. सहाच्या आत मी घागर घेऊन कोपऱ्यावरच्या हापशावर जायचे. आई मात्र स्पीकरपुढे मांडी घालून बसायची. मी आले की म्हणायची, "आज लय हसला गं."

"आई, तीच फाइल हाय ती! किती वेळा सांगू?" मी चिडायचे.

मग त्या टूलचं सिक्युरिटी अपडेट आलं. जुनं व्हर्जन पलीकडून कोण उत्तर देतंय याची ओळख नीट तपासत नव्हतं. त्या पत्त्यावरून जे येईल ते घ्यायचं. कॉलेजातली सगळी मशीन्स अपडेट केली, आणि शिस्त म्हणून घरचंही केलं.

दुसऱ्या दिवशी स्पीकर वाजलाच नाही. स्क्रीनवर एकच ओळ — समोरच्याची ओळख पटत नाही, कनेक्शन बंद केलं.

दादाचा मेल उघडून बघितला. सर्व्हरवाल्यांचा निरोप पडलेला: खातं बंद, सगळ्या फाइल पुसल्या. तोही तीन महिन्यांपूर्वीचा!

मग तीन महिने येत काय होतं? लॉग काढला. रोज सहाला फाइल मिळाल्याची नोंद... आणि साइज रोज वेगळी. तीच फाइल असती तर साइज कशाला बदलली असती? जुनं व्हर्जन परत टाकलं, तपासणी बंद केली, आठवडाभर धडपडले. पलीकडून काहीच नाही. शेवटची आलेली फाइल तर नेहमीसारखी नवीन आणण्याआधीच पुसली गेलेली. कॉलेजातल्या दोघा सरांना लॉग दाखवला, त्यांनाही उलगडा झाला नाही.

तीन महिने माझा दादा घरात बोलत होता आणि मी बाहेर हापसत होते.

शेवटी आईला सांगायला बसले. "अपडेट केलं ना आई, तेव्हापासून मशीन आधी विचारतं, तू कोण म्हणून. ओळख पटली तरच आत घेतं."

तिने स्पीकरवरून हात फिरवला. मग म्हणाली, "घरच्या लेकराला दारात उभं करून कोण हाय म्हून इचारलंस व्हय गं?"

आता सहाला मीही तिच्याशेजारी स्पीकरपुढे बसते. पाणी नंतर आणते.