विहिरीचा दोर विमानात

कोंडीराम आमच्या पिंपरीच्या कारखान्यात ट्रकवर ड्रायव्हर होता. पण कुणी विचारलं, तर छाती काढून सांगायचा, "आमी बुडीवालं." चिखलीपासून चाकणपर्यंत कुणाच्या विहिरीत कळशी पडो, पंपाचा फुटव्हॉल्व अडको, नाहीतर रागावलेल्या सुनेने सासूचा अडकित्ता भिरकावलेला असो, बोलावणं कोंडीरामलाच यायचं. रविवारी सकाळी हा सायकलवर पुढे आणि त्याची बायको भिमाबाई मागे कॅरिअरवर, मांडीवर दोराचं वेटोळं घेऊन. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं भिमाबाईंच्या हातात. तळाशी पोचला की तो दोराला दोन हिसके द्यायचा, म्हणजे 'हायेस का?' वरून भिमाबाई दोन हिसके द्यायच्या, म्हणजे 'हाय की, जाती कुटं?' मग गडी कामाला लागायचा. पंचवीस वर्षांत ते दुसरं टोक परक्या हातात गेलं नाही, असं तो सांगायचा.

मी टाइम ऑफिसातला कारकून. कामगार मला भाऊसाहेब म्हणत, आणि तोंडावर तरी मान देत. शहात्तर साली आमच्या कारखान्याने अंदमानकडच्या एका चिमुकल्या बेटावर धक्क्यासाठी क्रेन पाठवली. क्रेन सुखरूप पोचली. तिचा गिअरबॉक्स मात्र उतरवताना पेटीसकट समुद्रात गेला. नवीन करायचा तर तीन महिने. आमचे मॅनेजर अण्णासाहेब घाईचे. कारखान्याच्या विहिरीतून कोंडीरामने बुडालेली मोटर काढलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणाले, "कोंडीरामला विमानाने पाठवा. सोबत हे जातील." हे म्हणजे मी.

आता, समुद्राच्या बेटावर बुडी मारणारी माणसं नसतील का? असतीलच. पण ते अण्णासाहेबांना सुचलं नाही, आणि मला विमानात बसायचं होतं म्हणून मी सुचवलं नाही. खोटं कशाला बोलू? दोनच दिवसांत आमच्या अख्ख्या सांगवीला मी विमानात बसणार हे ठाऊक झालं होतं, आणि नवा बुशशर्टही शिवायला टाकला होता.

कोंडीराम मात्र अडून बसला. "सायेब, इमान नको. मी ट्रक काढतो. कलकत्त्यापतुर पाच दिवसांत न्हेतो."

"आणि पुढे समुद्र आहे, त्याचं काय?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"पुढलं पुढं बघू. ट्रक बोटीवर चढवू."

"बोट वीस दिवसांनी आहे!"

"मग वीस दिस थांबू. घाई कुनाला हाय?"

घाई अण्णासाहेबांना होती. त्यांचा आवाज चढला तसा कोंडीराम खाली मान घालून टोपी कुरवाळू लागला. ज्या गाडीचा ड्रायव्हर आपण नाही, तिच्यात बसायची सवय नाही, असं काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, घाबरलाय. घाबरला होताच, पण खरी गोम मला बेटावर पोचेपर्यंत कळली नाही. ट्रकच्या केबिनमध्ये तीन माणसं बसतात. विमानाची तिकिटं दोनच होती.

लोहगावच्या विमानतळावर विमान बघितल्याबरोबर त्याने खिशातून लिंबू काढलं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय आमच्याकडे कुणी गिअर टाकत नाही. सामान चढवणाऱ्या माणसाला पटवून त्याने ते विमानाच्या चाकाखाली ठेवायला लावलं. मी तोंड फिरवून उभा राहिलो. आत बसल्यावर म्हणाला, "भाऊसाहेब, डायव्हर कुटं बसतो?" हवाई सुंदरी बिचारी भली होती. तिने याला पुढे नेऊन दाखवून आणलं. परत आला तो जरा खुशीत.

"दोगं हायत. एक चालवतो, दुसरा क्लीनर. बरं झालं. एकट्यानं गाडी चालवू न्हाई."

तरी मुंबई येईपर्यंत त्याचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. मुंबईहून कलकत्ता, कलकत्त्याहून अंदमान, तोवर त्याने माझ्या नव्या चपलेचा अंगठा तोडला. ब्रेक समजून दाबत होता ते माझं पाऊल होतं.

तिथून पुढे अर्धा दिवस मोटरबोट, आणि एकदाचं बेट आलं. धक्का, दहा-बारा झोपड्या, आणि तीस हातांवरचा तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी. पेटी चक्क दिसत होती. कोळ्यांची पोरं तिच्या आजूबाजूला बुड्या मारून शिंपले वेचत होती. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं, तर आपण विमानाने कशाला आलो, याचं उत्तर शोधावं लागलं असतं.

पेटीच्या कड्यात चेनपुलीचा हूक अडकवायचा, एवढंच काम. कोंडीरामने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोर सोडून टाकला.

"आज जेवान जास्त झालंय."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ह्या पान्याचा तळ दिसतोय. तळ दिसनाऱ्या पान्यात आमी उतरत न्हाई." तिसऱ्या दिवशी अमावस्या निघाली. कॅलेंडर बघितलं तर पौर्णिमेला दोन दिवस. मग मात्र मी भडकलो. म्हणालो, "कोंडीराम, कारखान्याची अब्रू पाण्यात घातलीस. तुला पोहता तरी येतं का?"

त्याचे डोळे भरून आले. मोठा गडी, मिशा अशा झुपकेदार, आणि ओठ थरथरतोय. "भाऊसाहेब, खाली गेल्यावर वर कोन हाय ते कळाय पायजे. तुमी भलं हाय. पन तुमी ती न्हाई. पेटी न्हाई निघाली, तर चिखलीत तोंड कसं दावू?"

मला माझीच लाज वाटली. मोटरबोट निघालीच होती, तिच्यासोबत तार धाडली: भिमाबाईंना पाठवा. दोर धरण्यास.

अण्णासाहेब काय बोलले ते तारेत मावलं नसतं, म्हणून ते त्यांनी मला परत आल्यावर ऐकवलं. पण गिअरबॉक्स बसवायला इकबाल फिटर येणारच होता, त्याच्याबरोबर त्यांनी बाईंना विमानात बसवलं. आठव्या दिवशी भिमाबाई बोटीतून उतरल्या. काखेत भाकरीचं गाठोडं, चेहऱ्यावर शीण नाही.

"विमानात झोपल्या," इकबाल मला म्हणाला. "तीनही विमानांत. मी मात्र दुवा म्हणत बसलो होतो."

नवऱ्याला बघून बाई म्हणाल्या, "वाळलाय किती! बांधा दोर."

पहिल्या बुडीत त्याने पेटी चाचपली. दुसरीत कडं मोकळं केलं. दोन हिसके खालून, दोन वरून, सगळं कसं सुरळीत. तिसऱ्या बुडीला तो दिसेनासा झाला आणि बाईंनी दोर माझ्या हातात कोंबला.

"अहो, हे काय?"

"धरा जरा. त्येला काय कळतंय? उतरताना मी दिसले म्हंजे झालं. दर येळी असंच चालतंय." आणि त्या शेजारच्या कोळणीपाशी जाऊन बसल्या. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. पण बाईंनी मिश्रीची डबी पुढे केली, दोघींनी बोटं बुडवली, आणि दोघी दात घासत हसायला लागल्या.

एवढ्यात दोराला दोन हिसके आले. मी घाईघाईने दोन दिले. क्षणभर काही नाही. पुन्हा दोन, जोरात. मी पुन्हा दिले. मग तिसऱ्यांदा. खाली माणसाचा श्वास किती पुरतो? "भिमाबाई!" मी ओरडलो.

बाई धावत आल्या. तोंडातलं बोट तसंच, ओठावर काळी रेघ. दोर हिसकावून घेतला आणि दोन हिसके दिले. मी दिले होते तसेच होते, माझी शपथ. पण खालून लगेच साखळी हलली, हूक बसला, आणि कोंडीराम फुसफुसत वर आला.

"मदी दोर कुनाच्या हातात व्हता?"

"माज्याच," बाई म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे मात्र बघेनात. पुढे दोन दिवस त्या काहीतरी विचारात होत्या.

पेटी निघाली, इकबालने गिअरबॉक्स उघडून, धुऊन, तेल घालून बसवला, क्रेन फिरली. परतताना विमानात ती दोघं पुढे, मी आणि इकबाल मागे. माझी पावलं मी सीटखाली लपवली होती. विमान ढगात शिरलं आणि खडखडायला लागलं. मी वाकून पुढे बघितलं. कोंडीराम डोळे घट्ट मिटून बसला होता, आणि सदऱ्याखालून त्याच्या कमरेचा दोर निघून शेजारच्या सीटवर गेला होता. टोक भिमाबाईंच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेलं. बाई घोरत होत्या.

कोंडीरामने हळूच दोन हिसके दिले.

भिमाबाईंचा डोळा उघडला नाही. पण मनगट दोनदा हललं, आणि कोंडीरामने ब्रेकवरचा पाय काढला.