विजेच्या चुलीला मातीचा हात

भिवंडीत, हॉलच्या भिंतीत, विजेवरची शेकोटी! डोकं ठिकाणावर आहे का, असं आमच्या ह्यांना अख्ख्या आळीने विचारून झालं होतं. इथे ऐन थंडीतसुद्धा पंखा बंद केला की घाम फुटतो. पण ह्यांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं, ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही.

कारण होतं सासूबाईंचं. तेव्हा मानकोलीकडची आमची बरीचशी शेतं गोदामांना गेली होती आणि त्यातून आम्ही नवा बंगला बांधला होता. सासूबाई मात्र चार घरं पलीकडच्या जुन्या घरातून हलायला तयार नव्हत्या. तिथे मागच्या पडवीत त्यांची मातीची चूल. गुडघे धरले की तिच्यापुढे पाय पसरून बसायच्या. "चूल न्हाय त्या घरान मी न्हाय येनार," म्हणाल्या आणि फुंकणी उचलली, विषय संपला. एकदा त्या पडवीत घसरून पडल्या आणि दुपारी पडलेल्या बाईचा पत्ता आम्हाला दिवेलागणीला लागला. तेव्हापासून हे रात्री धड झोपत नव्हते. आई कुठल्याही मार्गाने या घरात यायला हवी, बस्स. बंगल्यात धूर नको, म्हणून मग ही शेकोटी मुंबईहून आली. काचेमागे खोटा जाळ, वरच्या फटीतून खरी गरम हवा.

सोबत माहितीपुस्तिका होती. आमच्या घरात असलं काही वाचायचं काम माझ्याकडे. आजूबाजूला लाकूड, प्लाय, कापड काही नको, सिमेंटचा पत्राच हवा. हवेच्या जाळ्या उघड्या हव्यात. पॉइंट वेगळा हवा. एवढं साधं. पण मिस्त्री भिंतीला नवरीसारखी सजवायला निघालेला. प्लाय मारतो, वर सनमायका, बाजूला मखमल. म्हणे, "भाभी, जाली दिखेगी तो शो जाएगा." ह्यांनी लगेच मान डोलावली. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. हॉल कुणाचा, असं हे विचारायला लागले, तर म्हटलं, आत्ता तुमचा, जळाला की दोघांचा. शेवटी सिमेंटचा पत्रा बसला, त्यावर पांढरा रंग, खाली-वर दोन जाळ्या. मला तर भिंत फारच आवडली.

सासूबाईंना वाजतगाजत बघायला आणलं. त्यांनी उलटा हात धरून ऊब पाहिली, वाकून आत राख शोधली, काचेवर टिचकी मारली आणि घरी निघून गेल्या. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले, तर दार सताड उघडं. हॉलमध्ये सासूबाई. पदर खोचलेला, पुढ्यात बादली. आमच्या शेताच्या उरलेल्या पट्टीतली चिकणमाती कालवून त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीला हात देत होत्या. शेकोटीचं बटण चालूच! माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली. आधी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, मग श्वास घेतला. बघते तर दोन्ही जाळ्या मातीने लिंपून चापूनचोपून सपाट केलेल्या. तेवढ्यात हे आले आणि रंगाची दशा बघून सोफ्यावर डोकं धरून बसले.

मी चिडून विचारलं, भोकं का बुजवलीत? त्या म्हणाल्या, मुंग्या शिरतील. नव्या चुलीला घरच्या बाईचा हात लागल्याशिवाय ती चूल कसली, हेही वर ऐकवलं. मी समजावलं, माती चालेल, माती जळत नाही, पण भिंतीमागची गरम हवा इथूनच बाहेर पडते. ती कोंडली तर आतलं सगळं करपेल. वाटलं, आता जुंपणार.

त्यांनी लिंपलेल्या जाळीवर हात ठेवून पाहिला. "म्हंजे हिलापन वारा लागतो," म्हणाल्या. मग अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेक भोक कोरून मोकळं करायला बसल्या. वर मलाच दटावलं, हे आधी सांगायला काय झालं होतं म्हणून.

मला जे हसू फुटलं ते आवरेना.

माती पुरती वाळू दिली. मिस्त्रीने उघडून वायर न वायर तपासली, तोंड वाकडं केलं, पण ठीक आहे म्हणाला. मग संध्याकाळी शेकोटी लावली. सासूबाई पुढ्यात पाय पसरून बसल्या, गुडघ्यांवरून हात फिरवत. जेवणं झाली तरी उठेनात. चारच घरं, पण गुडघ्यांसाठी म्हणून ह्यांनी गाडीची चावी घेतली आणि घाबरत घाबरत विचारलं, आई, घरी सोडू का?

"हातान सारवलेली चूल टाकून कुठं जाऊ रे?"

हे चावी हातात धरून तसेच उभे राहिले. मीच ती काढून घेतली आणि खिळ्याला अडकवली.