दाढी रिजेक्ट, कंदील एक नंबर

"मले एक सांग शोभे, याचं डोकं एवढं मोठं अन् पाय एवढे बारके. हा उभा कायच्या भरवशावर राहते?"

मी आतल्या खोलीत होते. बाहेर मामा आईला विचारत होते. तिचं पोळपाटावरचं लाटणं थांबलं होतं. मामा कोणाबद्दल बोलताहेत ते माझ्या लक्षात आलं आणि मी धावत बाहेर आले. जेवणाच्या टेबलावर माझ्या नव्या मूर्तीची पेटी पडली होती. तिच्या तोंडाला लावलेली पारदर्शक पट्टी भाजीच्या सुरीने सरळ कापलेली. आतला कंदीलवाला म्हातारा मामांच्या हातात होता आणि ते त्याची मान दोन बोटांत धरून दाबून बघत होते.

ज्यांना हा छंद नाही त्यांना सांगायला हवं. विनाइलच्या अशा छोट्या मूर्ती जमवणारी माणसं पेटी उघडत नाहीत. पेटी बंद असली तरच तिला मान असतो. मी एका वेबसाइटसाठी या मूर्तींची परीक्षणं लिहीत असे, इंग्रजीत, टोपणनावाने. पेटीच्या खिडकीतून दिसेल तेवढंच लिहायचं, ही माझी पद्धत. मामांची पद्धत उलटी होती. "वरतून समदाच माल पांढरा दिसते. हात घातल्याबिगर ग्रेड लावत नसतात," असं ते आयुष्यभर सांगत आले होते.

मी काही बोलणार होते. पण आईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. मग मी गप्प बसले. तसंही गप्प बसणं मला चांगलं जमतं.

मामा ग्रेडर होते. आधी कापूस खरेदी केंद्रावर, निवृत्तीनंतर बाभुळगावकडच्या एका खासगी जिनिंग कारखान्यात. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतून चिमूटभर कापूस काढायचा, तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणायचा आणि तुटेपर्यंत श्वास रोखून धरायचा. मग एकच शब्द: एक नंबर, मीडियम किंवा रिजेक्ट. यातला "एक नंबर" मी लहानपणी फारसा ऐकलेला नाही. मामा कामावरून घरी आले तरी चिमटी घरी येत असे. चहा, पोळी, निवडणुकीतली भाषणं, आमच्या बाबांचे नवे बूट, कळंबच्या चिंतामणीच्या देवळातली चप्पल ठेवायची सोय, सगळ्याला ग्रेड लागे. मामेबहिणीला बघायला नागपूरचा मुलगा आला तेव्हा मामांनी त्याच्याशी हात मिळवला आणि तो सोडलाच नाही. तळहात दाबून, अंगठ्याने चोळून झाल्यावर आत येऊन म्हणाले, "लांबी आहे, मजबुती नाही. मीडियम." लग्न झालं. पुढची कित्येक वर्षं नागपूरहून फोन आला की मामा आईला सांगत, "मीडियमचा फोन होता."

मला त्यांनी वेगळा ग्रेड दिला होता. माझ्या भावानंतर बऱ्याच वर्षांनी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना माझा जन्म झाला. मला बघायला मामा दवाखान्यात आले आणि दुपट्यात डोकावून म्हणाले, "ही तं फरदड निघाली." तेच नाव पडलं. मला वाटे, हे लाडाचं नाव आहे, सोनू किंवा छकुली असतं तसं. तिसरीत असताना बाईंनी घरच्या लाडक्या नावावर चार ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा मी मोठ्या अक्षरांत 'माय पेट नेम इज फरदड' असं लिहिलं. बाई केरळच्या होत्या. त्यांना ते नाव गोड वाटलं आणि त्यांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कापूस होता. ती जी हसत सुटली ती मधल्या सुट्टीपर्यंत. हंगाम संपल्यावर झाड उपटायचं सोडून त्याला पाणी देत राहिलं की उशिरा जी थोडीशी, आखूड धाग्याची बोंडं येतात तो कापूस फरदड, हे मला डबा खाताना शेजारच्या मुलीने समजावून सांगितलं.

घरी येऊन मी भांडायला हवं होतं. पण भांडायचं कोणत्या भाषेत, हा प्रश्नच होता. कॉन्व्हेंट शाळेत मराठी बोललं की शिक्षा, आणि घरी बाबांना "मले-तुले" चालत नसे. ते स्वतः शिक्षक. त्यामुळे मी पुस्तकातलं मराठी जपून जपून बोलत असे, पाहुण्यांच्या खोलीत बसल्यासारखं. मामांना त्याची फार गंमत वाटे. मी एकदा "मला तहान लागली आहे" म्हटलं तर ते बाबांना म्हणाले, "जवाईबापू, पोरीले पाणी द्या, नाहीतर ती अर्ज करीन."

शाळेत डिसेंबरात नाताळचं नाटक असे, तेव्हा मात्र मामा माझ्या बाजूने असत. गोष्ट दरवर्षी तीच, एका इंग्रजी पुस्तकातली. बर्फात बुडालेल्या गावात एक म्हातारा कंदील घेऊन निघतो आणि घरोघरच्या खिडकीतला दिवा लावत जातो. शेवटच्या दारापर्यंत पोचतो तेव्हा उजाडलेलं असतं, दिव्याची कोणाला गरज उरलेली नसते. तरी त्या घरातली मुलगी दार उघडते आणि आपला दिवा पुढे करते. मला दरवर्षी बर्फाचं काम मिळे. बर्फाला संवाद नसतात. पांढऱ्या चादरीवर कापूस चिकटवून स्टेजच्या कडेला बसून राहायचं. तो कापूस आणि म्हाताऱ्याची दाढी, दोन्ही मामांकडून येत. सिस्टरांनी एकदा जरा बरा कापूस मागितला तर मामा म्हणाले, "नाटकाले फरदड पुरते." आणि माझ्याकडे बघून, "फरदडले फरदड. जोडी जमली." शेवटची घंटा होईपर्यंत थांबून नाटक मात्र पूर्ण बघत. बर्फाला पहिल्या वर्षी रिजेक्ट आणि नंतर मीडियम मिळालं.

म्हणून जेव्हा त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याची मूर्ती निघाली तेव्हा ती मी लगेच मागवली. ते बोंडअळीचं वर्ष होतं.

त्या वर्षी मामांना काय झालं ते मला आईकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. जिनिंगच्या आवारात येणारी प्रत्येक गाडी किडकी निघत होती. हात घातला की पिवळट, गुठळ्यांचा कापूस. मामा रिजेक्ट म्हणत होते, गाड्या वळत होत्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या त्यांच्याच गावाकडच्या होत्या, बैलांसकट ओळखीच्या. एके दिवशी सकाळी मामांनी पहिल्या गाडीत हात घातला, चिमूट काढली, ताणली आणि म्हणाले, "एक नंबर." दुसऱ्या गाडीलाही एक नंबर. संध्याकाळपर्यंत आलेल्या प्रत्येक गाडीला एक नंबर. मालक भला माणूस. त्याने चहा पाजला आणि मामांना आपल्या गाडीने आमच्या घरी यवतमाळला आणून सोडलं. मामी गेल्यापासून ते एकटेच राहत. "थोडे दिवस आराम करू द्या," असं मालक बाबांना म्हणाला.

मामा आराम करू लागले आणि आम्ही धास्तावलो. कारण त्यांना सगळं चांगलं वाटायला लागलं. आई चहात साखर घालायला विसरली, मामा म्हणाले, "चांगला आहे." भाजी करपली, "चांगली आहे." बाबांनी मुद्दाम सरकारचा विषय काढला, त्याचंही चांगलंच निघालं. त्याच आठवड्यात कृषी खात्याची जीप भोंगा लावून आमच्या रस्त्याने फिरत होती: "शेतकरी बंधूंनो, फरदड घेऊ नका, त्यावर अळी वाढते. फरदड उपटून टाका." एरवी मामा दारातून ओरडले असते, "लप वं पोरी, तुलेच शोधून राह्यले." त्या दिवशी ते खुर्चीतून मान हलवून म्हणाले, "चांगलं सांगतात." आई स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून उभी राहिली.

म्हणजे त्या सकाळी त्यांनी त्या म्हाताऱ्याचे पाय बारीक आहेत म्हटलं, ते कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा कशाला तरी नाव ठेवलं होतं. पेटीचं दुःख करायची ती वेळ नव्हती.

मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मला याचं परीक्षण लिहायचं आहे."

"कोण वाचते?"

"जमवणारे लोक."

"लिही मंग. हात धुतले काय?"

आमचं परीक्षण दोन दिवस चाललं. माझा क्रम ठरलेला: पेटी, रंग, चेहरा, मांडणी. मामांनी तो पहिल्याच वाक्यात मोडला. मूर्ती कानाजवळ धरून हलवली. "आत पोकळ आहे. लिही." नाकाजवळ धरली. "वास नव्या चपलेचा. लिही." मानेवरच्या सांध्याची रेघ नखाने तपासली. मग दाढीवर आले आणि बराच वेळ तिथेच राहिले. दाढी विनाइलचीच होती, गुळगुळीत. त्यांनी सवयीने चिमटीत धरून ओढून पाहिली.

"हे काय लावलं यायनं? दाढीले धागाच नाही."

"सगळं एकाच साच्यातून काढतात, मामा."

"यवतमाळले विचारलं असतं तं पोतंभर दिला असता. एवढा पडून आहे." हे बोलताना त्यांनी दाढी सोडून दिली. मला वाटलं, गेलं सगळं पुन्हा. पण त्यांनी मूर्ती टेबलावर उभी केली, हात सोडला, आणि म्हातारा तोंडावर पडला. मामांचा चेहरा उजळला. "म्हटलं होतं की नाही मी? शोभे, इकडे ये, पडला."

मी लिहिलेलं त्यांना मराठीत वाचून दाखवावं लागे. एके ठिकाणी मी "कंदिलाची रंगसंगती चित्ताकर्षक आहे" असं म्हटलं.

"हे कोणत्या दुकानातलं मराठी आहे? दिवा कसा आहे थे सांग."

मी कंदील निरखून बघितला. आतली ज्योत खरंच चांगली रंगवलेली होती, कडेला थोडी केशरी, मधे जवळजवळ पांढरी. "पेटलेला वाटतो," मी म्हणाले.

"हां. मंग तसं लिही ना." त्यांनी शेवटचा ग्रेड सांगितला, "माल मीडियम. दाढी रिजेक्ट. कंदील एक नंबर." मग माझ्याकडे वळून, "अन् तुहं म्हणणं काय?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

"ठीक म्हंजे ग्रेड नाही. तुले मनातलं बाहेर काढाले पाना लागते काय?"

मी हसले आणि विषय संपला. ते परीक्षण मी त्यांच्याच क्रमाने पाठवलं, चपलेच्या वासासकट. वेबसाइटवाल्यांनी ते जसंच्या तसं छापलं. दाढीला धागा का असावा, एवढंच एका वाचकाने विचारलं. मी मामांना तो प्रश्न वाचून दाखवला. "त्याले सांग, हिवाळ्यात इकडे ये," ते म्हणाले.

त्यानंतर मामा हळूहळू परत आले. आधी चहाला मीडियम मिळालं. मग बाबांच्या बुटांना पुन्हा रिजेक्ट. आई उगाचच भाजीत मीठ कमी घालून वाट बघायला लागली होती. पण जिनिंगला ते परत गेले नाहीत. होळीनंतर मामेबहिणीने हट्ट धरला आणि मामा कायमचे नागपूरला जायला तयार झाले. "मीडियमकडे राहाचं आहे आता," असं सांगत त्यांनी पिशवी भरली. म्हातारा मी त्यांना दिला. त्यांनी तो धोतराच्या घडीत गुंडाळला आणि पेटी मला परत केली. "हे ठेव तुले. तुमच्यात पेटीचंच महत्त्व." ती रिकामी पेटी अजून माझ्या कपाटात आहे, कापलेल्या पट्टीसकट. नागपुरात मामांनी त्या म्हाताऱ्याला कापसाची दाढी चिकटवली, ती धुळीने पिवळी पडली की ते बदलत, असं मामेबहिणीने सांगितलं. मामा गेल्यापासून तो तिच्या शोकेसमध्ये आहे, भिंतीला टेकवून ठेवलेला.

ते नागपूरला निघाले त्या दिवशी बसस्टँडवर आम्ही तिघं त्यांना सोडायला गेलो होतो. मामा रंगात होते. बसला मीडियम दिला, सीटला रिजेक्ट, कंडक्टरच्या आवाजाला एक नंबर. बाबांना म्हणाले, "जवाईबापू, बूट बदला." आईला म्हणाले, "मीठ टाकत जाय." मग खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. मी नेहमीच्या शब्दाची वाट बघत होते. पण त्यांचा चेहरा एकदम तसाच झाला, त्या आठवड्यांतल्यासारखा, कोणालाच काही न मागणारा.

"तू चांगली आहेस," ते म्हणाले.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. बस मागे सरकायला लागली तशी मीही खिडकीला धरून चालत राहिले. बाबा शेजारीच उभे होते, सगळं स्टँड ऐकत होतं, आणि मी माझ्या आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"चांगली नका म्हणू, मामा. मले फरदडच म्हणा."