घोडा कोणत्या हाताला चावला

निजामी अमलात माणसाला दोन अंगं असत. एक त्याचं स्वतःचं आणि दुसरं दफ्तरातलं. दोघांत वाद झाला तर दफ्तरातल्याचं खरं धरलं जाई. ते दफ्तरातलं अंग लिहिण्याचं काम काही दिवस माझ्याकडे होतं.

तेव्हा मी लातूरच्या तहसील कचेरीत मुहर्रिर, म्हणजे साधा लेखनिक होतो. शिक्षण उर्दूत झालेलं. हस्ताक्षर असं की तहसीलदारसाहेब पाहुण्यांना कागद दाखवत. घरी मराठी पुस्तकांची एक पेटी होती, बरीचशी सुधारकी. त्या पेटीच्या जोरावर मी स्वतःला आमच्या आळीतल्या मंडळींपेक्षा चार बोटं वरचा समजत असे.

एका साली हुकूम आला की फौजेतून पेन्शन घेतलेल्या सगळ्यांची नवी किताबं, म्हणजे पेन्शनची ओळखपुस्तकं, करावीत. प्रत्येक किताबात त्या माणसाचा हुलिया लिहायचा, म्हणजे उंची, रंग, डोळे आणि अंगावरची कायमची खूण. हुकूम धाडणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदव्यांनी दीड ओळ घेतली होती आणि हुकुमाने एक. पण त्या एका ओळीखाली बारीक अक्षरात शहाणपणाची एक सूचना होती. खूण लिहिताना माणसाला आपल्याकडे पाठ करून उभं करावं, खुणेवर आपला हात ठेवावा आणि मगच डावं-उजवं लिहावं. समोर उभ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, आणि घाईत लिहिणारा फसतो, हे कुणा अनुभवी माणसाला ठाऊक असावं.

मी ती सूचना पाळली. अरब, रोहिले, दोन म्हातारे मराठे हवालदार, सगळ्यांना पाठमोरं उभं केलं आणि त्यांच्या दंडाखांद्यांना हात लावला. घरी जाऊन रोज आंघोळ करत होतो, ते वेगळं.

शेवटी चाकूरकडच्या एका खेड्यातला म्हातारा आला. रिसाल्यात सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा होता. पहिल्या मोठ्या लढाईत घोड्यांबरोबर जहाजात बसून मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, जाऊन आलेला. गावात त्याचं घर गावकुसाबाहेर होतं. तो कचेरीच्या पायऱ्यांखाली अंगणातच थांबला. त्याला कुणी थांब म्हटलं नाही. वर ये असंही कुणी म्हटलं नाही, आणि म्हणायचं काम माझं होतं.

"खूण काय तुझी?" मी ओट्यावरून विचारलं. तो माझ्या वडिलांपेक्षा मोठा असेल.

"घोडं चावलंय जी. दंडाला. मिसरात."

"दाखव."

त्याने बाही सारून हात वर केला. दहा हातांवरून मला दंडाचा तो खळगा नीट दिसला, आणि दिसला तो माझ्या उजव्या बाजूला. मी लिहिलं: निशान-ए-गज़ीदगी-ए-अस्प, बर बाजू-ए-रास्त. साध्या मराठीत, उजव्या दंडाला घोडा चावल्याची खूण. फारसी शब्द जमल्याचा मला इतका आनंद झाला की त्याला पाठमोरा उभा करायचा राहिला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नव्हे. आमच्या आळीतले दोघे जमिनीच्या कामासाठी कचेरीत येऊन बसले होते, आणि मला पायऱ्या उतरायच्या नव्हत्या. मी विटाळ मानत नव्हतो. नुसता पाळत होतो.

तहसीलदारसाहेबांनी ती ओळ मोठ्याने वाचून "वाह" म्हटलं. त्या चाव्याला इतका मान खुद्द घोड्यानेही दिला नसेल.

चार वर्षांनी माझी नांदेडला बदली झाली आणि काही महिन्यांत माझ्या मेजावर एक मिसल, म्हणजे प्रकरणाच्या कागदांचा गठ्ठा, आली. चाकूरकडचा एक पेन्शनर अर्धापूरच्या बाजूला मुलीच्या गावी राहायला आला होता, तिथल्या एका केळीच्या बागेत राखण करत होता. पहिल्यांदाच नांदेडला पेन्शनची हजेरी द्यायला आला, तेव्हा नायब तहसीलदारांनी किताब उघडून हुलिया वाचला आणि चपराशाला उजवी बाही सारायला सांगितलं. दंड गुळगुळीत. डाव्या दंडावर चावा होता, पण किताबात डाव्याचा उल्लेख नव्हता. नायबांनी शेरा मारला: शख्स-ए-दीगर. म्हणजे हा माणूस तो नव्हे, दुसराच कुणी आहे. महिन्याच्या आत ओळख शाबीत करावी, नाहीतर किताब जप्त आणि तोतयेगिरीचा खटला.

किताबातलं सुरेख अक्षर माझंच होतं.

तो दुसऱ्या दिवशी आला, बायकोला घेऊन. दोघं खाली अंगणात कडुलिंबाजवळ उभी राहिली.  बोलत होती ती.

"चाळीस साल झाले नांदून राहिले ह्याच्यासंगं," ती म्हणाली. "आन आता सरकार म्हनतंय ह्यो दुसराच हाय. मंग पयला कुठं ठिवलाय? त्यो तरी द्या आनून. ह्याच्यापरीस बरा निघंल."

चपराशी हसला. मीही हसलो. मग तिचा आवाज उतरला.

"हसू नगा, रावसाहेब. गावात लोक म्हनून राहिले, खरा सईस मिसरातच मेला, ह्यो त्याचे कागद घिऊन आला. लेकीला पानवठ्यावर इचारत्यात, तुजा बाप कंचा? तिला तीन लेकरं हायती."

तिला पेन्शनचं एक अक्षर बोलायचं नव्हतं. नवरा तोच आहे, एवढा एक कागद तिला हवा होता.

तो कागद करायला दोन वाटा होत्या. पहिली सरळ. सह्व-ए-कातिब, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक, असं मी लिहून द्यायचं. पण मग विचारणा झाली असती की पाठमोरा उभा केला होता काय, हात लावला होता काय. आमचे अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य, मुसलमान होते आणि या बाबतीत त्यांना आमचं सोवळं कळत नसे. "आदमी को छूते नहीं तो हुलिया कैसा लिखते?" असं ते भर कचेरीत विचारू शकले असते. माझी पेशकाराच्या जागेवरची बढती त्यांच्याच सहीसाठी थांबली होती. आणि हा प्रश्न विचारला गेला असता तर माझ्या पेटीतल्या एकाही पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं.

दुसरी वाट अशी की पेन्शनरनेच दरख्वास्त, म्हणजे अर्ज, द्यावी: हुलिया लिहिताना मी स्वतः चुकून उजवा हात सांगितला, माफी असावी.

मी दुसरी लिहिली. फार चांगली लिहिली.

वाचून दाखवणं भाग होतं. मला वाटलं, मराठीत मोघम सांगू: चूक झाली होती, ती दुरुस्त व्हावी, इतकंच. चूक कुणाची, ते उर्दूत राहील. मी तोंड उघडलं तेवढ्यात तो म्हणाला, "उर्दूतच वाचा जी. बावीस साल रिसाल्यात काढले. समजतं मला."

मी वाचली. त्या वाक्यापाशी आल्यावर वेग वाढवला, पण वाचली.

त्याने विचारलं:

"म्या कवा सांगितलं उजवा?"

मी टाक पुसत राहिलो.

"तुमी त्या वक्ताला वर व्हते," तो म्हणाला. "म्या खाली." यात राग नव्हता. रिसाल्यात घोडा कुठे बांधला होता ते सांगावं, तसं त्याने सांगितलं. "असं लिवल्यावर काम होईल का?"

"होईल."

"लवकर?"

"याच हप्त्यात."

त्याने बायकोकडे पाहिलं. "बरं. आंगठा कंचा देऊ जी? डावा का उजवा?"

अंगठा घेताना लेखनिकाने तो धरून शाईवर फिरवायचा असतो. मी शाईची गादी आणि कागद वरच्या पायरीवर ठेवले आणि मागे सरलो. त्याने आपला आपणच अंगठा उठवला. तो फरफटला. दुसऱ्यांदाही फरफटला. तेव्हा चपराशी पुढे झाला, म्हाताऱ्याचा हात त्याने मूल धरावं तसा धरला, अंगठा गादीवर टेकवून कागदावर लोळवला आणि म्हणाला, "हो गया, बावा. इत्ती सी बात है." ठसा स्वच्छ उठला. चपराशाला लिहिता येत नव्हतं.

शुक्रवारच्या सुट्टीच्या आधीच तालुकदारसाहेबांपुढे पेशी झाली. साहेब शेरवानीची सगळी बटणं लावून बसले होते. मागे निजाम सरकारस्वारीची तसबीर, दोन बाजूंना दोन पट्टेवाले, आणि मधोमध प्रश्न असा की घोडा कोणत्या हाताला चावला. साहेबांनी दरख्वास्त वाचली, डावा दंड पाहिला, जुन्या कागदांतली उंची आणि डोळे ताडून पाहिले. मग मान हलवली.

"फौजी आदमी है तू? दायाँ-बायाँ नहीं मालूम? परेड में क्या करता था?"

सगळी कचेरी हसली. म्हाताऱ्याने टाचा जुळवल्या आणि सलाम केला. उजव्या हाताने, बरोबर कपाळाच्या कडेला, तळवा ताठ.

"गलती हो गई, सरकार," तो म्हणाला.

कचेरी हसली तेव्हा मी हसलो होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. साहेबांनी हुलिया दुरुस्त करून दिला आणि खाली ताकीद लिहवली: पेन्शनरने पुढे सरकारला चुकीची माहिती देऊ नये. लिहून घेणारा मीच होतो.

बाहेर त्याची बायको कडुलिंबाखाली बसली होती. त्याला पाहून उठली.

"घावला का माझा दादला?"

"घावला," तो म्हणाला. "पन येडा निघाला. त्याला डावं-उजवं कळंना, असं लिवलंय."

ती हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं. नवऱ्याने तिला काही सांगितलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. दुरुस्त किताब तिने पदरात बांधलं आणि दोघं अर्धापूरच्या रस्त्याला लागली.

दोन महिन्यांनी मी पेशकार झालो.

निजामी गेल्यावर उर्दू मिसली मराठीत उतरवायचं काम निघालं. दोन्ही लिप्या चांगल्या येणारा म्हणून ते माझ्याकडे आलं. एका दुपारी ती मिसल हाती लागली. तिच्यावर म्हातारा वारल्याची नोंद होती. आता मला विचारणारं कुणी नव्हतं. नव्या सरकारातल्या साहेबांना उर्दू वाचताच येत नव्हतं. समासात एक ओळ पुरली असती: चूक लेखनिकाची. खाली माझी सही.

मी टाक शाईत बुडवला आणि मूळ कागदाशी इमान राखून लिहिलं, "मी स्वतः चुकून उजवा हात सांगितला." त्या वाक्याला अवतरणचिन्हंही घातली, त्याचं म्हणणं आहे म्हणून.