वेळेआधी वाजलेलं शिंग

"पाव्हणं, आदी सावलीत या." गाडीतून कोणीही उतरलं की बाबांचं पहिलं वाक्य हेच. नाव नाही विचारायचे, गाव नाही. एका हाताने बाभळीखालची सतरंजी दाखवायचे आणि दुसऱ्या हाताने काखेतलं शिंग सावरायचे.

शहरातल्या माणसांना गावची जत्रा दाखवायला नेणारे लोक तुम्ही पाहिले असतील. गळ्यात शिट्टी, हातात यादी. त्यांतलाच मी एक. पुण्याहून सकाळी मिनीबस निघायची, नसरापूरला मिसळ, मग मार्गासनीच्या पुढे डोंगराकडे आत वळलं की भैरवनाथाचं गाव. अंधाराच्या आत परत. जाहिरातीत मी 'अस्सल जत्रा' असं लिहायचो. त्या अस्सल शब्दाची आता मला लाज वाटते.

बाबा सत्तरीचे; सारं गाव त्यांना बाबाच म्हणायचं. पालखीपुढे शिंग फुंकायचा मान त्यांच्या घराकडे होता. वर्षातून एकदा, दिवस मावळताना पालखी उचलली की ते वाजायचं. एरवी खुंटीला. तरी बाबा ते रोज पुसतात अशी सुनेची तक्रार होती.

माझी मंडळी ते टोप्यांवरून ओळखायचे. लाल टोपी जेवली का, निळ्या टोपीला पाणी द्या. एकदा एका बाईंनी टोपी बदलली, तर बाबांनी त्यांना दुसऱ्यांदा पानावर बसवलं. बाई बिचाऱ्या जेवल्याही.

त्या वर्षी मंडळी कुरकुरायला लागली. पालखीपर्यंत थांबायला वेळ नाही, निदान शिंग तरी ऐकवा, असं कोणीतरी म्हणालं. मी बाबांकडे गेलो; मागून दोघातिघांचे मोबाईल चालू होतेच.

"बाबा, एकदाच फुंका. व्हिडिओपुरतं."

असं वेळेआधी फुंकत नाहीत, असं बाबा हळूच म्हणाले. मी म्हटलं, किती लांबून आलेत हो सगळे. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जमत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी तसं म्हटलं.

त्यांनी पटक्याच्या टोकाने शिंगाचं तोंड पुसलं आणि फुंकलं. आमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

गावात शिंग वाजलं म्हणजे पालखी उठली. पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायची तिथे रीत आहे. घराघरांतून बायका हंडे आणि आरतीची ताटं घेऊन धावत बाहेर आल्या. एकीच्या हाताला पीठ तसंच होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साऱ्या उभ्या राहिल्या, आणि पालखी काही येईना. देव अजून देवळातच होता.

पुजारी आणि चार वडीलधारे तरातरा आले. कोणी फुंकायला लावलं, असं विचारू लागले. मी तिथेच उभा होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "मला वाटलं टाइम झाला."

मी यादीत तोंड खुपसलं आणि माणसं मोजायला लागलो. सगळी हजर होती.

पुढच्या वर्षी शिंग दुसऱ्याच्या काखेत दिसलं. विचारलं, तर बाबा म्हणाले की आता छातीत दम राहिला नाही. असं म्हणून देवळाची चढण ते माझ्याआधी चढून गेले. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. गाडी सुटायची घाई झाली, असं मी मलाच सांगितलं.

यंदा बोलायचंच असं ठरवून गेलो. बाभळीखाली सतरंजी होती, बाबा नव्हते. दिवाळीनंतर गेले, असं सून म्हणाली. मग मी देवळात जाऊन पुजाऱ्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

ते समई घासत होते. हात थांबला नाही.

"आमाला ठावं हाय," ते म्हणाले. "तुमच्या लोकांनी टाकलेल्या त्या व्हिडिओत तुमचाच आवाज हाय की. साऱ्या गावानं मोबाईलवर बगितला."

मग मान का काढून घेतला, असं मी विचारलं.

"त्यांनी देवापुढं चूक कबूल केली व्हती. ती आमी कशी पुसायची? तुमी एक शबुद बोलला असता, तर पाव्हण्याखातर फुकलं म्हणून सोडून दिलं असतं." समई उलटी करून ते म्हणाले, "आमी तुमाला इचारणार व्हतो. म्हातारं नको म्हणालं. पाव्हणं आपणहून सांगत्याल म्हणायचं."

मी बाभळीकडे परत आलो. मंडळी सतरंजीवर बसून ताक पीत होती. सुनेने मलाही हात केला आणि जागा दाखवली. मला काही त्या सावलीत बसवेना.